हेरिटेज परिसरातलं जुनं घर: परवानगीच्या अर्जाआधी घर समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या हेरिटेज परिसरात तुमचं सुमारे शंभर वर्षांचं घर आहे. तळमजला आणि वर एक मजला, विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मंगलोरी कौलं, रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. पावसाळ्यात वरून गळतं आणि तळमजल्याच्या भिंतींना ओल येते. तुम्हाला कौलांच्या जागी स्लॅब, खिडक्यांना ॲल्युमिनियमची सरकती तावदानं, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आईंसाठी वरच्या मजल्यावर संडास-न्हाणीघर हवं आहे. हेरिटेजचे नियम यातलं काही होऊ देणार नाहीत अशी भीती आहे आणि ठेकेदार म्हणतोय, "परवानगीच्या फंदात पडू नका, आतल्या आत करून टाकू."

माझं काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचं आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. तुमच्या चार मागण्यांपैकी आईंचं न्हाणीघर ही सगळ्यांत रास्त मागणी आहे आणि नीट मांडली तर ती मंजूर व्हायला सहसा हरकत नसते. उरलेल्या तीन गोष्टींना नियम आडवे येतील. पण नियम अजिबात नसते तरी त्या करू नका असंच मी सांगितलं असतं, कारण त्या तुमच्या घराला मानवणाऱ्या नाहीत. हेरिटेजची मार्गदर्शक तत्त्वं वाचताना लोकांना त्यात फक्त "दर्शनी भाग बदलू नका" एवढंच दिसतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग जुनं घर पाणी, वारा आणि वजन कसं सांभाळतं, ते तसंच चालू राहावं यासाठी आहे. हे एकदा लक्षात आलं की अर्ज लिहिणंही सोपं जातं आणि ठेकेदाराशी बोलणंही.

नियम कुठून येतात ते आधी पाहू. मुंबईत हेरिटेज नियमावली १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीचा नियम ६७ म्हणून लागू झाली. देशातल्या कुठल्याही शहरातली अशा प्रकारची ती पहिली नियमावली. आताच्या विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये हा विषय नियम ५२ खाली येतो. इमारतींच्या श्रेणी आहेत: १, २अ, २ब आणि ३. श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात, तिथे आत-बाहेर हात लावायला अगदी कमी वाव असतो. श्रेणी २ स्थानिक महत्त्वाची. तिथे आतले बदल आणि नवा वापर यांचा विचार होतो. श्रेणी ३ मधल्या इमारती नगरदृश्याला, म्हणजे गल्लीच्या एकूण रूपाला आकार देतात आणि त्यांत बदलाला पुष्कळ मोकळीक असते. याशिवाय काही संपूर्ण परिसरच यादीत आहेत. गिरगावची खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, बाणगंगेचा परिसर ही नावं तुमच्या ओळखीची असतील. परिसरात असलेलं घर स्वतंत्रपणे यादीत असेलच असं नाही. नसेल, तर भर मुख्यतः गल्लीतून काय दिसतं यावर राहतो: उंची, छपराचा उतार, सज्जा, खिडक्यांची ठेवण, ओटा, कुंपण.

म्हणून पहिलं काम हे, की तुमचं घर स्वतंत्रपणे श्रेणीबद्ध आहे की फक्त परिसराचा भाग आहे, हे महापालिकेकडून लेखी काढून घ्या. तोंडी उत्तरावर पुढचं काही ठरवू नका. प्रस्ताव हेरिटेज समितीपुढे जाईल की नाही आणि किती कागद लागतील हे यावरच ठरतं. समिती सल्ला देते, अंतिम निर्णय महापालिका आयुक्तांचा असतो. इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल, भाडेकरू असतील, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचाही संबंध येतो. ते वेगळं टेबल आहे आणि त्याची चौकशी समांतर सुरू ठेवावी लागते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं घर पुण्यात शनिवारवाड्याजवळ किंवा अशाच एखाद्या केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या आसपास असेल, तर त्यांच्यासाठी कायदा निराळा. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा २०१० साली सुधारला गेला. त्यानुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, पण असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. शंभर मीटरच्या आत दुरुस्तीसुद्धा बंद आहे असं समजून लोक वाडे पडू देतात, हे बघवत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ आणि छपरापासून सुरुवात करू, कारण सगळ्या दुखण्यांचं मूळ पाण्यात असतं.

मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसह धरलं तर एका चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतं. फक्त १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला २५० किलो, आणि त्यावर जलरोधक थर, कोबा, लाद्या आल्या की आणखी. म्हणजे ज्या भिंती, तुळया आणि पाया शंभर वर्षं हलकं छप्पर पेलत आले, त्यांच्यावर तुम्ही चौपट-पाचपट बोजा ठेवणार. शिवाय उतरतं छप्पर पाणी झपाट्याने खाली टाकतं आणि पुढे आलेल्या वळचणीमुळे भिंत कोरडी राहते. सपाट स्लॅब घातलात की वळचण गेली, पाणी थेट भिंतीवर, आणि सज्जाची लाकडं पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच कुजायला लागतात. नियम उतरतं छप्पर राखायला सांगतात तेव्हा त्यात तुमच्या सज्जाचा जीव आहे.

कौलारू छप्पर गळतं ते बहुतेक ठरावीक जागी. फुटलेलं किंवा सरकलेलं कौल, दोन उतार मिळतात तिथली कुजलेली पन्हळ, छप्पर शेजारच्या भिंतीला टेकतं तिथला सांधा, आणि पालापाचोळ्याने तुंबलेले पन्हळीचे तोंड. सगळी कौलं उतरवून चांगली निवडा, जितकी कमी पडतील तितकी जुन्या बाजारातून मिळवा किंवा त्याच मापाची नवी घ्या. नवी आणि जुनी कौलं नीट एकमेकांत बसतात का हे आधी चार कौलं लावून तपासा, कारण कारखान्यानुसार खाचा बदलतात. नवी कौलं मागच्या उतारावर आणि जुनी गल्लीच्या बाजूला लावली तर दर्शनी रूप जराही बदलत नाही. कौलं उतरलेली असतानाच वासे आणि रिपा टोच्याने टोचून बघा. खाली जलरोधक कापड घालायचं असेल तर वाफ आरपार जाऊ देणारं घाला आणि कापड व कौलं यांच्यात वाऱ्याला फट ठेवा. प्लास्टिकचा कागद ताणून बसवला तर वाफ आत कोंडते, त्याच्या खालच्या बाजूला पाणी धरतं आणि वासे आतून भिजत राहतात. वरून पत्रा किंवा डांबरी पट्ट्या मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो हात जोडून नाकारा.

भिंतींच्या ओलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो.

जुनी भिंत म्हणजे मऊ वीट आणि चुना. दोन्ही पाणी शोषतात आणि कोरडं पडलं की परत सोडतात. पावसाळ्यात भिंत थोडी भिजणं आणि दिवाळीपर्यंत वाळणं हा तिचा नेहमीचा क्रम आहे. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की वाळण्याची वाट बंद होते. गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतातच, त्यांतून पाणी आत जातं. बाहेर मात्र पडू शकत नाही. मग ते वर चढतं आणि आतल्या बाजूने, रंगाच्या मागून बाहेर यायला बघतं. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि विटेचा पृष्ठभाग पिठासारखा झडू लागतो. सिमेंट विटेपेक्षा कठीण, त्यामुळे नुकसान सोसायची पाळी विटेवर येते. चुन्याचा गिलावा मुद्दामच विटेपेक्षा मऊ ठेवलेला असतो: झडायचं तर तो झडतो, वीट शाबूत राहते, आणि गिलावा पुन्हा करता येतो.

म्हणून ओलीवर औषध शोधण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. घराबाहेरच्या जमिनीची पातळी बघा. गल्लीचा रस्ता दर डांबरीकरणाला किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना उंच होत जातो आणि एके दिवशी तो तुमच्या जोत्याच्या वर जातो. मग पावसाचं पाणी भिंतीच्या अंगाला टेकून उभं राहतं. मागच्या अंगणात सिमेंट ओतून घेतलं असेल तर तिथलं पाणीही भिंतीकडेच वळतं. फुटलेली मोरी, गळका नळ, उतरत्या पाइपाचा निखळलेला सांधा यांपैकी एक तर नक्की सापडेल. भिंतीलगत अंगण खोदून पातळी खाली घ्या, पाणी बाहेर काढणारा उतार आणि नाली करा. पूर्वी कोणी तळमजल्याला आतून कंबरेएवढ्या लाद्या चिकटवल्या असतील तर त्या काढा. लाद्यांनी ओल थांबत नाही, ती लाद्यांच्या वर जाऊन बाहेर पडते. आधी कुठे सिमेंटचा गिलावा झाला असेल तर तो हलक्या हाताने उतरवा आणि भिंतीला एक पूर्ण कोरडा हंगाम मोकळं सोडा. ही वाट बघणं घरच्यांना फार जड जातं, मला माहीत आहे. पण ओल्या भिंतीवर कितीही उत्तम गिलावा केला तरी तो राहत नाही. भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय हे सगळं केल्यावरही ओल उरली तरच विचारात घ्या. माझ्या अनुभवात बहुतेक घरांना त्याची गरजच पडत नाही.

चुन्याचं काम करणारे गवंडी आता कमी आहेत, पण आहेत. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवत ठेवायचा, वाळू धुऊन घ्यायची, आणि ओलसर जागी सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी मिसळायची. सुरखीमुळे चुना दमट हवेतही धरतो. हे मुंबईत महत्त्वाचं, कारण साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि सतत भिजत राहिला तर नीट धरतच नाही. म्हणून बाहेरचं चुनाकाम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर सुरू करा. थर पातळ द्या, प्रत्येक थराला सावकाश वाळू द्या, उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालण्याच्या जुन्या रीती आहेत. गवंड्याला त्या हातखंडा असतील तर करू द्या, नसतील तर हट्ट धरू नका. नीट मुरलेला चुना आणि धुतलेली वाळू यांनी जितका फरक पडतो तितका कशानेच पडत नाही. वरून चुन्याची सफेदी किंवा वाफ सोडणारा सिलिकेट रंग द्या. प्लास्टिक पेंट लावला तर तुम्ही पुन्हा पहिल्या जागी येता.

गवंड्याला एक गोष्ट बजावून सांगा: "थोडंसं सिमेंट घालतो, लवकर धरेल" हे नको. करारातच लिहा.

खिडक्यांचं तुम्ही लिहिलं आहे की त्या घट्ट झाल्या आहेत, खालून कुजल्या आहेत, वारा-पाऊस आत येतो. फोटो न बघताही सांगतो की कूज बहुधा खालच्या आडव्या पट्टीत आणि उंबरठ्यात असेल, कारण पाणी तिथे साचतं. वरची चौकट आणि झिलमिल्या (तिरक्या लाकडी पट्ट्या) ठणठणीत असतील. जुनं सागवान आज बाजारात मिळणाऱ्या लाकडापेक्षा सहसा अधिक घट्ट दाण्याचं असतं. कुजलेला भाग तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्यात बसवणं हे कोणत्याही चांगल्या सुताराचं काम आहे. पुट्टी भरून वरून रंग मारणं हे मात्र काम नव्हे. आत पाणी धरून ठेवायची ती सोय आहे.

सरकत्या खिडकीत कोणत्याही वेळी अर्धीच मोकळी जागा मिळते, दुसरं अर्धं तावदानामागे असतं. तुमची सध्याची खिडकी पूर्ण उघडते. शिवाय झिलमिल्या बंद असतानाही वारा आत येतो, पाऊस येत नाही आणि समोरच्याला आतलं दिसत नाही. जून ते सप्टेंबर पंख्यावर झोपणाऱ्या घरात या सोयीला तोड नाही. डास आणि आवाज ही तुमची खरी तक्रार असेल, तर आतल्या बाजूला बारीक चौकटीची जाळी किंवा काचेचं दुसरं तावदान बसवा. ते गल्लीतून दिसत नाही, मूळ लाकडाला हात लागत नाही, आणि उद्या काढायचं म्हटलं तर काढता येतं. असं परत फिरवता येणारं काम कोणत्याही हेरिटेज समितीला समजावणं सोपं जातं.

रंग खरवडताना मात्र सांभाळा. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ साली आला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे सगळे थर संशयितच समजा. कोरडी सँडिंग करू नका, ज्योतीने रंग जाळू नका. ओलं करून खरवडा, धूळ ओल्या फडक्याने गोळा करा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका. खरवडताना बिजागरीच्या मागची जागा राखून ठेवा. तिथे रंगाचे थर एकावर एक सापडतात आणि अर्जात मूळ रंग कोणता हे सांगायला तोच पुरावा कामी येतो.

आता आईंचं न्हाणीघर. गुडघे धरलेल्या माणसाने रात्री जिना उतरून खाली जायचं, हे चालणारच नाही. घर राखायचं ते त्यात माणसं राहावीत म्हणून. अर्जात हे कारण सरळ लिहा, लाजू नका.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. न्हाणीघर मागच्या बाजूला असावं, खालच्या मोरी किंवा स्वयंपाकघराच्या बरोबर वर असावं, आणि त्याचा बोजा शक्यतो भार वाहणाऱ्या भिंतीजवळ यावा. तुमच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे. ठेकेदार नेहमीच्या सवयीने तिथे खोलगट जागा करून विटांचे तुकडे आणि कोबा भरायला निघेल. ते करू देऊ नका, त्या वजनाने तुळया वाकतील. सिमेंट फायबर बोर्डासारखा हलका तळ, त्यावर भिंतींवर हातभर चढवलेला अखंड जलरोधक पडदा, आणि पातळ लादी. खालच्या खोलीच्या छताला त्या जागी एक उघडता येणारी झडप ठेवा. गळती सुरू झाली तर डाग दिसेपर्यंत थांबायला नको. कोणीही झडप उघडून तुळई हाताने चाचपू शकेल. लाकडी घरात लपलेलं पाणी हा सगळ्यांत मोठा शत्रू आहे, म्हणून एकही पाइप भिंतीत गाडू नका. पाइप मागच्या भिंतीवर, भिंतीपासून जरा सुटे, सरळ खाली आणा. गीझर भिंतीवर टांगण्याआधी ती भिंत पूर्ण विटेची आहे की लाकडी सांगाड्यात भरलेली, हे ठोकून बघा.

हाच सांगाडा आणखी एका ठिकाणी फसवतो. दोन खोल्या एक करण्यासाठी मधली पातळ भिंत काढायचा मोह होतो. ती फक्त आडोसा वाटते, पण लाकडी चौकटीच्या घरात अशा भिंती चौकटीला आडवं डोलू देत नाहीत. संरचना अभियंत्याने बघितल्याशिवाय एकही पाडू नका. अभियंताही असा शोधा ज्याने लाकूड आणि चुना हाताळला आहे. फक्त काँक्रीटची सवय असलेला माणूस बघताक्षणी "सगळं काढून आरसीसी करा" म्हणतो, कारण त्याला तेच येतं.

तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे तपासणी नक्की करा. मधे लाकूड खणखणीत वाजतं आणि भिंतीतलं टोक पोकळ असतं, असं वारंवार सापडतं. टोकाभोवती वारा खेळेल इतकी फट ठेवावी लागते. टोक गेलं असेल तर संपूर्ण तुळई बदलायची गरज नाही. तेवढं टोक कापून नवं लाकूड जोडता येतं किंवा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्यांनी पकडता येतं. भिंतीवर भेगा असतील तर आधी त्यांवर काचेच्या छोट्या पट्ट्या तारीख लिहून चिकटवा. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही गेल्यावर काच शाबूत असेल तर भेग जुनी, निवांत आहे, चुन्याने भरा. काच तडकली तर पाया किंवा पाण्याकडे बघा.

सज्जाच्या नक्षीदार लाकडी कंसांपैकी (ब्रॅकेटांपैकी) दोन गायब आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि फायबरचे मिळतात का विचारलंय. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिसची सनद म्हणते की नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण तो नवा आहे हे ओळखता यावं. इंटॅक या वारसा जपणाऱ्या भारतीय संस्थेच्या २००४ च्या सनदेने त्यात आपल्या देशासाठी मोलाची भर घातली: जिथे परंपरागत कारागीर आजही आहेत तिथे त्यांच्या हातून त्याच पद्धतीने काम करून घेणं हेही जतनच आहे. मला ही भूमिका मनापासून पटते. तुमच्याकडे शाबूत कंस आहेत, त्यांवरून साचा घ्या, सागवानात कोरून घ्या आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला साल कोरा. उद्या कोणी अभ्यास करेल त्याला फसवल्यासारखं होणार नाही. आणि पैसे आत्ता नसतील तर त्या दोन जागा रिकाम्या राहू द्या. रिकामी जागा घराला काही इजा करत नाही, फायबरचा स्वस्त कंस मात्र सगळा सज्जा खोटा दिसायला लावतो.

एसीचं बाहेरचं यंत्र मागे. वायरी आतून, पृष्ठभागावरच्या नळीतून; विटा-चुन्याच्या भिंतीत आडव्या लांब खाचा मारू नका. जुनं वायरिंग पूर्ण बदला, यात काटकसर नको, लाकडी घरात ठिणगीचा धोका जास्त. हे काम गिलाव्याच्या आधी.

अर्जाबद्दल. "नूतनीकरण" हा शब्द लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात पाडकाम येतं. प्रत्येक खिडकीला, दाराला, कंसाला क्रमांक द्या, प्रत्येकाचा फोटो काढा आणि एका तक्त्यात लिहा: खिडकी ७, खालची आडवी पट्टी कुजली, त्याच लाकडात बदलणार, झिलमिल्या साफ करून ठेवणार. दुरुस्ती एकीकडे आणि बदल दुसरीकडे, अशा दोन वेगळ्या याद्या ठेवा. तुमच्या प्रकरणात बदलांच्या यादीत फक्त न्हाणीघर आणि त्याचे मागचे पाइप उरतील. मोजून काढलेले आराखडे, गल्लीचा दोन्ही बाजूंचा अखंड फोटो, चुन्याच्या मिश्रणाचं प्रमाण, आणि मागच्या भिंतीवर केलेल्या हातभर गिलाव्याच्या नमुन्याचा फोटो जोडा. घराचे जुने फोटो नातेवाइकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये हमखास सापडतात. सज्जा मागे उभा असतोच. अनुभवी संवर्धन वास्तुविशारद घेतलात तर तो हे सगळं करेल. घेणार नसलात तरी एखाद्याला एकदा घरी बोलावून सल्ल्याचे पैसे द्या.

काही बाबतीत नियम त्रास देतील, ते लपवत नाही. उत्तर यायला वेळ लागतो आणि छप्पर तेवढा वेळ थांबत नाही. तातडीची गळती असेल तर ताडपत्री, टेकू अशी तात्पुरती सोय करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी महापालिकेला लेखी कळवा. चुनाकाम आणि सुतारकाम सिमेंट-ॲल्युमिनियमपेक्षा सुरुवातीला महाग पडतं आणि तो भार सगळा मालकावर येतो. याबद्दल मालकांची तक्रार मला योग्य वाटते. नियमावलीत, निर्बंधांमुळे बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) देण्याची तरतूद आहे. तुमच्या घराला ती लागू होते का, हे मोठं काम काढण्याआधी विचारून घ्या.

ठेकेदाराच्या "आतल्या आत" योजनेबद्दल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली विनापरवाना काम थांबवण्याचे आणि पूर्ववत करायला लावण्याचे अधिकार महापालिकेला आहेत. छप्पर उतरलेलं असताना काम थांबलं आणि पाऊस आला, तर नोटीस ठेकेदाराच्या नावाने येत नाही आणि भिजणारं घरही त्याचं नसतं. चोरून करायचं काम घाईत होतं, आणि घाईत चुना मुरत नाही, भिंत वाळत नाही.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा. या वर्षी पावसाआधी कौलं, पन्हळी आणि बाहेरची जमीन. पावसानंतर सिमेंट उतरवून भिंती मोकळ्या सोडा, दरम्यान तुळया, वायरिंग आणि न्हाणीघर उरकून घ्या. खिडक्या दोन-दोन करत सुताराकडे द्या म्हणजे घर उघडं पडत नाही. गिलावा त्यापुढच्या ऑक्टोबरात, रंग सगळ्यांत शेवटी. ठेकेदाराशी करार करताना यातला प्रत्येक टप्पा वेगळा लिहा, चुन्यात सिमेंट मिसळणार नाही आणि उतरवलेलं एकही लाकूड किंवा कौल तुम्हाला विचारल्याशिवाय घराबाहेर नेणार नाही ही दोन कलमं घाला, आणि छपराच्या टप्प्याचे शेवटचे पैसे पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरच द्या.